ग्रंथ कुणाच्या हातात? मिशनऱ्यांचे बायबल आणि आपण

धर्मांतराचा विषय निघाला की एक ठरलेले वाक्य कानावर येते : मिशनऱ्यांनी गहू आणि दूधपावडर वाटून गरिबांना बाटवले. ख्रिस्ती झालेल्या महार-मांगांबद्दल हे बोलले जाते आणि १९५६ नंतर शब्द बदलून आपल्याबद्दलही. या वाक्याचा खरा अर्थ काय? अस्पृश्यांना फक्त पोट होते, डोके नव्हते! म्हणून मिशनऱ्यांनी आपला ग्रंथ लोकांपर्यंत कसा नेला, कुठे साधले आणि कुठे फसले, हे आपण तपासले पाहिजे. आम्ही ख्रिस्ती नाही आणि हा त्या धर्माचा प्रचारही नाही.

इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे गेली होती आणि लॅटिन त्यांना कळत नव्हते. स्टीफन्सने बायबलची कथा मराठी ओवीत बांधली. हेच ते 'क्रिस्तपुराण', १६१६ मध्ये छापलेले, सुमारे अकरा हजार ओव्यांचे. लोकांच्या छंदात, लोकांच्या भाषेत बोलले की ऐकणारा बसतो, हे त्याने ओळखले. पण त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनही होते, हे विसरू नये. ओवी गोड असली तरी मागे सत्तेचा दंडुका होता.

दुसरी रीत मुंबईची. १८३०-३१ मध्ये जॉन विल्सन आणि ब्राह्मण पंडित यांच्यात जाहीर वादविवाद झाले. मोरभट दांडेकरांनी 'हिंदुधर्मस्थापना' लिहिली. १८५७ मध्ये विष्णुबावा ब्रह्मचारी समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी वाद घालत होते. दोन्ही बाजू एकमेकांच्या ग्रंथातल्या चुका काढत राहिल्या. या साऱ्या वादात अस्पृश्य कुठे होता? कुठेच नव्हता! ब्राह्मण जिंकला की बाकीचे आपोआप मागे येतील, हा मिशनऱ्यांचा हिशेब होता. तो साफ चुकला.

खरा प्रश्न विचारला तो एका मांग मुलीने. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे. १८५५ मध्ये अमेरिकन मिशनच्या 'ज्ञानोदय'मध्ये मांग-महारांच्या दुःखावरचा तिचा निबंध छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती. तिचा युक्तिवाद सरळ आहे : वेद फक्त ब्राह्मणांचे असतील तर आम्हांला धर्मग्रंथच नाही, मग आमचा धर्म कोणता? विल्सन आणि दांडेकर कोणता ग्रंथ खरा यावर भांडत होते. मुक्ता विचारत होती, ग्रंथावर हक्क कुणाचा?

या प्रश्नाला ज्यांनी कृतीने उत्तर दिले, तिथेच मिशनला माणसे मिळाली. नगर जिल्ह्यात महारवाड्यांत शाळा निघाल्या. ज्याच्या कानावर वेद पडणे हे पाप मानले जात होते, त्याच्या हातात बायबल देऊन 'वाच' म्हटले गेले. कीर्तन आणि भजनातून बायबलच्या कथा सांगितल्या गेल्या. पुढे नारायण वामन टिळकांनी तीच वाट रुंद केली. पंडिता रमाबाईंनी तर मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत अख्खे बायबल आणले. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनीच ते छापले. १९२४ मध्ये, रमाबाईंच्या मृत्यूनंतर, ते पूर्ण प्रसिद्ध झाले.

मग हे मिशन आपल्या मुक्तीपर्यंत का पोहोचले नाही? याचे उत्तर बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावरील लिखाणात दिले आहे. चर्चमध्येही जात शिल्लक राहिली. आणि ग्रंथाचा अर्थ सांगताना घोळ झाला. तुझी ही अवस्था समाजव्यवस्थेने केली आहे, ती बदलायला ऊठ, हे धर्मांतरिताला सांगायला हवे होते. त्याऐवजी त्याला पापाचा सिद्धान्त शिकवला गेला. आधी पूर्वजन्मीचे पाप होते, आता आदिपुरुषाचे आले. दोन्हीकडे दोषी आपणच! ग्रंथ हातात आला, पण लढण्याची प्रेरणा आली नाही.

बाबासाहेबांनी यातले घेण्यासारखे होते तेही घेतले. १९५० मध्ये 'महाबोधी' मासिकातील लेखात त्यांनी बौद्धांची अडचण नेमकी मांडली : बौद्ध साहित्य समुद्राएवढे आहे आणि सामान्य माणसाला बरोबर नेता येईल असा एक ग्रंथ नाही. बौद्धांचे बायबल तयार करणे हे त्यांनी पहिले काम मानले. त्याची भाषा जिवंत हवी, असेही बजावले. प्रकृती ढासळत असताना त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' लिहिला. तो १९५७ मध्ये, महापरिनिर्वाणानंतर, प्रसिद्ध झाला. त्यात दुःखाचे खापर दुःखी माणसाच्या डोक्यावर फोडलेले नाही.

आता स्वतःकडे पाहू. वर्षावासात आपल्या विहारांत या ग्रंथाचे वाचन होते. एकजण वाचतो, बाकीचे हात जोडून ऐकतात, शेवटी खीरदान होते आणि ग्रंथ पुन्हा कपाटात जातो. प्रश्न कोण विचारतो? तरुण पोर शंका काढते तेव्हा आपण तिला उत्तर देतो की गप्प बसवतो? प्रश्न न विचारता ऐकलेला ग्रंथ पोथी होतो, आणि पोथीला पुरोहित लागतोच. मनुस्मृती जाळणाऱ्यांच्या वारसांनी नवी पोथी तयार करावी काय?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : या वर्षावासात रोज एक प्रकरण वाचा, पण वाचक रोज बदला. बाया वाचोत, शाळकरी पोरे वाचोत. वाचून झाले की अर्धा तास फक्त प्रश्नांसाठी ठेवा. मुक्ता साळवेने १८५५ मध्ये विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळाले आहे. ते कपाटात बंद करून ठेवू नका.

जयभीम!