‘दुसऱ्या’ पाळीतला ‘र’ : मुक्त प्रणाली आणि जुन्या मजकुराशी सुसंगतता

पिंपरी-चिंचवड ते चाकण या औद्योगिक पट्ट्यातील कोणत्याही कारखान्याच्या सूचनाफलकावर ‘दुसऱ्या पाळीतील कर्मचाऱ्यांसाठी’ अशा शब्दांनी सुरू होणारी सूचना सहज आढळते. या दोन्ही शब्दांत ‘य’ला चिकटलेला, आडव्या वळणाचा एक अर्धा ‘र’ आहे. त्याच्या जागी ‘य’च्या डोक्यावर रफार आला तर मराठी वाचकाला तो शब्द चुकीचा वाटतो. कधी कधी तर अर्थच पालटतो. ‘आचाऱ्यांना’ म्हणजे कॅन्टीनमध्ये स्वयंपाक करणाऱ्यांना आणि ‘आचार्यांना’ म्हणजे गुरुजनांना. ‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. हा फरक संगणकाच्या पडद्यावर टिकून राहतो, यामागे मुक्त स्रोत लायब्ररी सांभाळणाऱ्यांची जुन्याशी सुसंगती राखण्याची शिस्त आहे.

सुसंगतता म्हणजे काय?

लायब्ररी म्हणजे अनेक प्रणालींना लागणारे काम एकदाच लिहून ठेवलेला भाग. भोसरीतील लघुउद्योगात तयार होणारा सुटा भाग जसा वेगवेगळ्या वाहनांत बसतो, तशी लायब्ररी वेगवेगळ्या प्रणालींत बसते. सुट्या भागाची धातू बदलली, वजन कमी झाले तरी चालते. मात्र भोकांमधले अंतर आणि आटे बदलले तर रस्त्यावर धावणाऱ्या जुन्या गाडीत तो भाग बसणार नाही. लायब्ररीचेही तसेच आहे. आतील रचना हवी तेवढी सुधारावी, पण बाहेरच्या प्रणाली ज्या नावांनी तिला हाक मारतात आणि ज्या उत्तराची अपेक्षा करतात, ते बदलू नये. याला ‘बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी’ अर्थात मागील आवृत्तीशी सुसंगतता म्हणतात.

मुक्त स्रोत लायब्ररीच्या बाबतीत ही जबाबदारी अधिक अवघड असते. ती कोणीही, कोणाचीही परवानगी न घेता वापरू शकतो. त्यामुळे एखादा बदल केल्यास नेमकी कोणाची प्रणाली बंद पडेल, हे सांभाळणाऱ्यांना आधी कळू शकत नाही.

एका ‘र’च्या दोन नोंदी

युनिकोडपूर्वी मराठी मजकूर ‘श्री-लिपी’, ‘आयएसएम’ यांसारख्या प्रणालींच्या फाँटमध्ये साठवला जाई. एका फाँटमधील मजकूर दुसऱ्यात उघडला की निरर्थक चिन्हे दिसत. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक १९९१ साली भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्याच आधी तयार झालेल्या, १९८८च्या आवृत्तीवर बेतलेली होती.

इस्कीच्या पद्धतीत ‘दुसऱ्या’मधील अर्धा ‘र’ हा ‘ऱ’ आणि हलंत मिळून होतो. ‘ऱ’ हे अक्षर वस्तुतः द्राविडी भाषांतील उच्चारासाठी ठेवलेले. त्याच्या अर्ध्या रूपाला मराठीत हे काम मिळाले. युनिकोडच्या १९९६च्या दुसऱ्या आवृत्तीने मात्र वेगळी वाट सांगितली होती : साधा ‘र’, हलंत आणि त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे जोडचिन्ह.

पुढे युनिकोडने ‘ऱ’ची पद्धत स्वीकारली. परंतु तोवर दुसऱ्या पद्धतीने मजकूर लिहिला गेला होता. तो रद्दबातल ठरवण्याऐवजी मानकात एक पोटनियम घातला गेला : दुसऱ्या आवृत्तीशी सुसंगतता राखण्यासाठी जोडचिन्हाचीही पद्धत वैध राहील. आजतागायत हा पोटनियम कायम आहे. एकदा दिलेला संकेतांक काढायचा किंवा हलवायचा नाही, हेही युनिकोडचे जाहीर धोरण आहे.

‘हार्फबझ’चे काम

मानकातील नियम पडद्यावर उतरवण्याचे काम अक्षरजुळणीची लायब्ररी करते. ‘हार्फबझ’ ही अशी प्रमुख मुक्त स्रोत लायब्ररी होय. फायरफॉक्स, क्रोम, अँड्रॉइड आणि लिबरऑफिस यांत ती वापरली जाते. बेहदाद एस्फहबोद यांनी तिचे आजचे स्वरूप घडवले. तिची १.० ही आवृत्ती २०१५ साली आली.

‘र’ आणि हलंत यांच्यापुढे व्यंजन आले, तर हार्फबझ त्याचा रफार करून तो पुढील अक्षराच्या डोक्यावर नेते. मध्ये जोडचिन्ह असेल तर रफार न करता ती फाँटकडे ‘र’चे अर्धे रूप मागते. ‘ऱ’ आणि हलंत असतील तर रफाराचा प्रश्नच उद्भवत नाही. दोन्ही वाटांनी वाचकाला एकच ‘ऱ्य’ दिसतो. अर्थात, फाँटमध्येही दोन्ही नियम हवेत. पुण्याशी जवळचे नाते असलेले ‘लोहित’ फाँट रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याखाली खुले केले. त्यामुळे अशा त्रुटी कोणालाही तपासून दुरुस्त करता येऊ लागल्या.

फाँटांतही नवे-जुने आहेत. देवनागरी फाँटमधील नियमांना पूर्वी ‘देव’ अशी खूण असे. मायक्रोसॉफ्टने नियम सुधारल्यावर ‘देव-२’ ही खूण आली. दोन्हींत हलंत आणि व्यंजन यांचा क्रम काही ठिकाणी वेगळा आहे. जुन्या नियमांच्या जागी नवे लादले असते, तर आधीच वितरित झालेले सारे फाँट बिघडले असते. नवी खूण दिल्याने ते वाचले. हार्फबझ फाँटमध्ये प्रथम नवी खूण शोधते. ती न मिळाल्यास जुन्या क्रमानुसार अक्षरे लावते.

शिस्तीचे नियम

सुसंगतता राखण्याच्या काही सर्वमान्य रीती आहेत. जुने फंक्शन काढून न टाकता ‘वापर टाळावा’ असा शेरा मारून बाजूला ठेवणे, ही पहिली. हार्फबझमध्ये अशा फंक्शनांची वेगळी फाइलच आहे. आवृत्तीक्रमांकातून बदलाचे स्वरूप कळवणे, ही दुसरी : तीन आकडी क्रमांकातील पहिला आकडा वाढला की सुसंगतता तुटली, असा संकेत अनेक प्रकल्प पाळतात. तिसरी रीत चाचण्यांची. हार्फबझची भारतीय लिप्यांची जुळणी विकिपीडियावरून काढलेल्या शब्दांच्या मोठ्या याद्यांवर, मायक्रोसॉफ्टच्या प्रणालीच्या निकालाशी ताडून पाहण्यात आली. दुरुस्त केलेल्या चुकीची चाचणी कायम ठेवली की ती चूक नकळत परत येत नाही.

सुसंगतता जाणीवपूर्वक तोडण्याची उदाहरणेही आहेत. पायथन भाषेची तिसरी आवृत्ती डिसेंबर २००८मध्ये आली. ती दुसरीशी सुसंगत नव्हती. दुसऱ्या आवृत्तीचा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. हे स्थित्यंतर पूर्ण व्हायला ११ वर्षे लागली. लिहिलेली प्रणाली प्रयत्नांती बदलता तरी येते. लोकांनी लिहून ठेवलेला मजकूर सर्वत्र जाऊन बदलता येत नाही.

किंमत आणि खबरदारी

जुने सांभाळण्याची किंमत मोजावी लागतेच. नियमांची संख्या वाढते, चाचण्या वाढतात आणि हा भार बहुधा थोड्याच माणसांवर पडतो. शिवाय एक अडचण लायब्ररी सोडवू शकत नाही. दोन पद्धतींनी लिहिलेले ‘ऱ्य’ दिसायला सारखे असले, तरी संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. युनिकोडच्या प्रमाणीकरणातही ते एक होत नाहीत. वेतनपत्रकात एका पद्धतीने टंकलेले ‘मोऱ्या’सारखे नाव दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडत नाही.

दुसरा धोका जोडचिन्ह गळण्याचा. ते दिसत नसल्याने काही प्रणाली ते निरुपयोगी समजून काढून टाकतात. संकेतस्थळांच्या नावांसाठीच्या २००३च्या नियमांत ते गाळलेच जात असे. पुढच्या नियमांत त्याला अटींसह जागा मिळाली. चिन्ह गळाले की ‘आचाऱ्यांना’ दिलेली सूचना ‘आचार्यांना’ जाते.

म्हणूनच मराठीत नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयांनी एकच पद्धत ठरवून घेणे श्रेयस्कर. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ दाबल्यास ‘ऱ’ मिळतो. त्याला हलंत जोडून लिहावे. जुन्या नोंदी मूळ प्रत राखून त्याच पद्धतीत बदलून घ्याव्यात आणि शोधप्रणालीने दोन्ही रूपे एकच मानावीत. प्रदर्शनाची सुसंगतता लायब्ररी राखते. नोंदींची सुसंगतता मात्र नोंदी ठेवणाऱ्यांनाच राखावी लागते.