मिठीकाठची गावं

मिठी म्हटलं की आम्हा उपनगरातल्या बायकांना आठवतो तो २६ जुलै २००५ चा पूर. पण याच नदीनं कधीकाळी गावं पोसली. वर मरोळच्या बाजूला पावसाळी भात, खाली माहीमच्या खाडीकडे भरतीचं पाणी आणि मासळी. मासे धरायचे कोळ्यांनी, पाटी डोक्यावर घेऊन विकायचे कोळणींनी, आणि पैसाही त्यांच्याच हाती!

पुढे मुंबईला तहान लागली. १८६० साली विहारचं धरण पुरं झालं, नदीचं उगमाकडचं पाणी नळानं शहरात गेलं. नंतर पवईचा तलाव झाला. मिठीच्या वाट्याला उरलं ते तलाव भरून सांडलेलं पाणी. तुमच्यापैकी ज्यांचं गाव धरणाखाली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको. शहराला पाणी मिळालं याचं आम्हाला दुःख नाही. आम्हीही तेच पाणी प्यायलो. पण विहारच्या इतिहासात नावं भेटतात ती साहेबांची, भात लावणाऱ्या बायांची नाहीत.

शेतं गेली, काठावर कारखाने, गोदामं, झोपड्या आल्या. विमानतळाची धावपट्टीसुद्धा नदीवरून गेली. पात्र अरुंद झालं. त्या जुलैत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. वरून पाऊस, खालून भरती. पाणी घरांत शिरलं.