दिंडीची श्रीमंती



दिंडीला शंभर वर्षे झाली, तर दिंडीच्या धनाविषयी तुम्हीच चार शब्द लिहा, असा मंडळींचा आग्रह झाला. आमची शाळा चौथीपर्यंत. पुढचे शिक्षण औतामागे आणि वीणेकऱ्यांच्या पायाशी झाले. लिहिण्यात चूकभूल झाली तर पदरात घ्यावी.

वारकऱ्याच्या धनाचा इतिहास देहूपासून सांगावा लागतो. तुकोबारायांच्या घरी महाजनकी होती, सावकारी होती. १६३० च्या सुमाराला मोठा दुष्काळ पडला. गुरे मेली, माणसे मेली, महाराजांची पहिली पत्नी रखुमाबाई अन्नावाचून गेल्या. घरात मात्र कर्जदारांचे कागद होते. दुष्काळ सरला की सावकाराचे वसुलीचे दिवस येतात. महाराजांनी उलटेच केले. धाकटे बंधू कान्होबांचा अर्धा वाटा त्यांना दिला आणि आपल्या वाट्याचे कागद इंद्रायणीत सोडले, असे परंपरा सांगते. ज्याने घरात उपास पाहिला, त्यालाच कळते की उपाशी माणसाकडचे येणे हे काही धन नव्हे.

आता आपल्या बुलडाणा जिल्ह्याकडे या. २३ फेब्रुवारी १८७८, शेगाव. देविदास पातुरकरांच्या घरी जेवणावळ झाली होती, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या. त्यातली शिते वेचून खाताना गजानन महाराज बंकटलाल अगरवालांच्या नजरेस पडले. महाराजांची पहिली ओळख गावाला झाली ती अशी, एका शितावरून. शेतकऱ्याला त्या शिताचे मोल वेगळे सांगायला नको. १९०८ साली तिथे संस्थान उभे राहिले. जिथे एक शीत वाया जाऊ दिले नाही, तिथे आज रोज हजारो लोक प्रसाद घेऊन उठतात. सेवाधारी पाळीपाळीने येतात, पगार घेत नाहीत. संस्थानचा कारभार ज्यांनी कितीतरी वर्षे वाहिला, ते शिवशंकरभाऊ पाटील २०२१ साली गेले. एवढे धन हाताखालून गेले, पण पाणीसुद्धा आपल्या घरचेच पीत, अशी त्यांची ख्याती. लोकांनी विश्वासाने दिलेले आपण नुसते पोचते करायचे, एवढाच त्यांचा धडा.

आता आमच्या दिंडीचे. १९७२ ला पाऊस गेला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायची, आम्ही धाकट्या भावाला सांभाळायचो. त्यातच शाळा सुटली. घरात लाल मिलोची भाकर, नाहीतर कामावरची सुकडी. १९७३ च्या आषाढीला आमच्या आज्यांनी आम्हाला वारीला नेले. दिंडी कसली, मोजून अकरा माणसं. मराठवाड्यात एका गावी मुक्काम पडला, शिधा संपलेला. रात्री मजुरांच्या वस्तीतून एक बाई फडक्यात तीन भाकरी घेऊन आली. मागे तिची दोन लेकरं उभी. आजे नको नको म्हणाले, तर ती म्हणते, "आमचं काही पंढरीला जाणं होत नाही बाबा. आमची भाकर तरी जाऊ द्या." आम्ही अकरा जणांनी तुकडा तुकडा खाल्ला. आजे म्हणाले, "बाबू, हे भाकर काही फिटत नाही बरं."

पुढे दिंडीचा हिशेब आमच्या हाती आला. ट्रक आला, तंबू आले, भिशी ठरली. एका साली सोयाबीन हातचे गेले होते. कर्जापायी जिचा धनी गेला अशी एक बाई नाव लिहायला आली. तिच्यापाशी निम्मीच भिशी होती. आम्ही वही उघडून नियम दाखवला. ती काही बोलली नाही, पिशवी उचलली अन् गेली. शताब्दीच्या अंकात हे लिहावे की नाही, असे मनात आले होते. पण इतिहास म्हटला की आपली चूकही आली.

त्या वारीत एका मुक्कामी कीर्तनात इंद्रायणीतल्या कागदांचीच कथा लावली आणि अर्ध्यावर आमचा आवाज बसला. टाळकऱ्यांना वाटले, पावसात भिजले म्हणून. खरे तर आमच्या काखेत वही होती, आणि ती बुडवायची आमची छाती झाली नव्हती. परत आल्यावर तिच्या दारी गेलो, हात जोडले. "पुढच्या साली येईन महाराज," एवढंच ती बोलली. आली. तेव्हापासून ज्याच्यापाशी भिशी नाही त्याचे नाव बाकीत लिहीत नाही. पंगतीत त्याचे पान मात्र सगळ्यांच्या रांगेतच पडते, मागे नाही.

दिंडीपाशी किती पैसा आहे ते ताळेबंदात दिसेलच. तो असावा, नाही कोण म्हणतो? पण त्या तीन भाकरी कुठल्याच ताळेबंदात नाहीत, आणि दिंडी जगली ती त्यांच्यावर. त्या माउलीचे नाव आम्ही विचारले नाही, गावही आता आठवत नाही. फेडायचे तर तिला नाही, तिच्यासारख्या दारी आलेल्यालाच फेडावे लागेल.

म्हणून आमच्यामागे जो कोणी वही धरील, त्याला हात जोडून एकच मागणे. दरसाल पहिल्या पानावर पहिली ओळ लिहावी: तीन भाकरी, देणे बाकी.

राम कृष्ण हरी.