ओल्या मातीतील खळगे

चालत्या वस्तूच्या अंगी बळ किती असते, हा प्रश्न वरवर साधा. परंतु त्यावरून युरोपातील पंडितांत अर्धशतकाहून अधिक काळ कडाक्याचा वाद चालला. देकार्तच्या अनुयायांचे म्हणणे असे, की वस्तुमानाला वेगाने गुणले म्हणजे ते बळ मिळते. १६८६ साली लायब्निट्झने यावर हरकत घेतली. त्याचा युक्तिवाद वाण्याच्या हिशेबासारखा सरळ होता. चार शेर वजन एक हात उचलण्यास जेवढे श्रम, तेवढेच एक शेर वजन चार हात उचलण्यास. तीच वजने खाली सोडली, तर जमिनीशी पोहोचताना दोहोंचे बळ सारखेच असावयास हवे. पण गॅलिलिओने दाखविल्याप्रमाणे चौपट उंचीवरून पडणाऱ्या वस्तूचा वेग चौपट नव्हे, दुप्पटच होतो. म्हणजे देकार्तच्या मापाने एकाचे बळ चार आणि दुसऱ्याचे दोन! वेगाचा वर्ग घेतला तरच हिशेब जुळतो.

लायब्निट्झ १७१६ साली वारला; वाद उरला. पुढे लायडेनच्या ’स ग्रावेसांदे या प्राध्यापकाने पितळी गोळे ओल्या मातीवर सोडून पाहिले. दुप्पट वेगाने आदळलेला गोळा चौपट माती हटवी. हा गृहस्थ मूळचा विरुद्ध पक्षाचा. मातीतल्या खळग्यांनी त्याचे मत पालटले.

फ्रान्समध्ये हा पक्ष उचलून धरला तो एमिली दु शातले या विदुषीने, १७४० साली. पॅरिसच्या विज्ञान अकादमीचा चिटणीस मैरां याने तिला जाहीर उत्तर दिले, आणि तिनेही ते निमूटपणे ऐकून घेतले नाही.

खरे पाहता दोन्ही पक्ष निरनिराळ्या गोष्टी मोजत होते. दुप्पट वेगाच्या आगगाडीला तोच ब्रेक लावला, तर थांबण्यास वेळ दुप्पट लागतो, अंतर मात्र चौपट. वेळ मोजणाऱ्याला वेग दिसतो, अंतर मोजणाऱ्याला वेगाचा वर्ग. बल गुणिले अंतर या राशीला ‘कार्य’ हे नाव कोरिओलिसने १८२९ साली रूढ केले. सूत्रातील ‘अर्धा’ही त्याच सुमारास स्थिरावला.

दु शातलेला हे पाहावयास मिळणे शक्यच नव्हते. लायब्निट्झची कैवारी असूनही तिने अखेरची वर्षे न्यूटनच्या ‘प्रिन्सिपिया’चा फ्रेंच अनुवाद करण्यात घालविली. गरोदरपणी तिने कामाची घाई केली; १७४९ च्या सप्टेंबरात, मुलीच्या जन्मानंतर काही दिवसांतच, बेचाळिसाव्या वर्षी तिचा अंत झाला. अनुवाद पूर्णपणे छापून निघाला तो १७५९ साली.