तबकडीची साक्ष
वाचकहो, इतिहासाची साधने म्हटली की ताम्रपट नि बखरीच आठवतात. पण तबकडीही साक्ष देते बरे का! १९८२ साली मुंबईचे चित्रपटसंगीतातले वादक चरणजितसिंग यांनी टीबी-३०३ या जपानी यंत्रावर मींडेसारखे घसरणारे सूर काढून, डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. एचएमव्हीची ती तबकडी फारशी खपली नाही. १९८७ मध्ये त्याच यंत्रावर शिकागोत ‘अॅसिड हाउस’ घडले. तिथल्यांनी आपली तबकडी ऐकल्याचा पुरावा नाही. तेव्हा ‘जनक’ म्हणण्याची घाई नको. दिल्लीच्या दुकानात एका डच संग्राहकाला प्रत मिळाली, म्हणून २०१० मध्ये ती पुन्हा निघाली. हिंगोलीकरांनो, माळ्यावरच्या तबकड्या भंगारात घालण्यापूर्वी नाव-साल तेवढे वाचा!