रेघेला बाक का आला?

छिंदवाड्यातून वेगळा होऊन २०२३ मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्याचा दळणवळणाचा आलेख संगणकावर काढायला घेतला, की पहिल्याच जोडीला अडखळायला होते. नागपूरहून पांढुर्ण्याला रेल्वे काटोल-नरखेडवरून येते, सडक सावनेरवरून. ठिपके दोन, नाती दोन. सरळ रेघा ओढल्या तर एक दुसरीखाली गडप. नागपूर-सौंसरचेही तेच. वळणदार रेघ जन्मली ती या अडचणीतून, शोभेसाठी नव्हे, असे माझे म्हणणे आहे. ऑयलरने १७३६ मध्ये क्योनिग्सबर्गच्या सात पुलांचे कोडे सोडवले, पण ठिपके-रेघांचे चित्र काढले नाही. ते राउज बॉलच्या १८९२ च्या पुस्तकात आले. बेटाला एकाच काठाशी जोडणारे दोन पूल त्यात दाखवायचे, तर रेघ वाकवण्यावाचून गत्यंतर नव्हते.

यावर गणिती हरकत घेईल: रेघा एकमेकींना न छेदता काढता येणारा आलेख सरळ रेघांनीही तसाच काढता येतो, हे फारीने १९४८ मध्ये सिद्ध केले आहे, मग बाक कशाला? पण ते प्रमेय दोन ठिपक्यांत एकच रेघ असणाऱ्या साध्या आलेखांपुरते आहे, आणि आपली अडचण नेमकी त्याच्या कुंपणाबाहेरची. मध्ये सावनेर, काटोल असे ठिपके घालून रेघा सरळ करता येतील, हेही खरे. मात्र जाणारी आणि येणारी गाडी वेगळी दाखवायची असेल, तर मध्ये घालायला गावच नसते.

कोडमधली वक्ररेषा मोटारींच्या कारखान्यांतून आली. सित्रोएनमध्ये द कास्तेल्जोने १९५९ मध्ये ती रीत बसवली, पण कंपनीने ती गुप्त ठेवली. नाव झाले रेनोच्या बेझिएचे. पायथनचे नेटवर्कएक्स हीच वक्ररेषा वापरते. दोन ठिपक्यांच्या मध्यावरून काटकोनात थोडे बाजूला एक नियंत्रण-बिंदू धरायचा. ते अंतर रेघेच्या लांबीच्या ०.२ पट असेल, तर रेघ ०.१ पट फुगते. गंमत अशी, की दिशा उलटली की ‘बाजू’ही उलटते, म्हणून जाण्या-येण्याच्या रेघांना एकच आकडा दिला तरी त्या आपोआप दूर होतात. रेल्वे आणि सडक एकाच दिशेने काढल्या, तर मात्र एकीला उणे चिन्ह द्यावे लागते.

वळणे डोळ्यांना सुखावतात, म्हणून सगळ्याच रेघा वाकवाव्यात, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वापरकर्त्यांवरच्या एका अभ्यासात वक्र रेघांनी आलेख वाचणे सोपे झाल्याचे दिसले नाही. तेव्हा जोडनाते असेल तिथेच बाक द्यावा. एकट्या रेघेचा आकडा शून्य ठेवावा.