न्हाण, मखर आणि १२ वर्षं

परवा तळवड्याच्या ऑफिसात एका तेलुगू मित्राने पेढे वाटले. मुलीचं 'हाफ सारी फंक्शन' झालं म्हणाला. म्हणजे मुलगी वयात आली! टेबलावर क्षणभर शांतता. मग कोणीतरी विषय घाईघाईने रिलीजवर नेला.

गंमत म्हणजे हे आपल्याकडेही होतंच की. पहिली पाळी आली की 'न्हाण आलं'. मुलीला मखरात बसवायचं, ओटी भरायची, गाणी म्हणायची. फरक एवढाच, की लग्न आधीच झालेलं असायचं. त्यामुळे मखरानंतर थेट गर्भाधान. काल सागरगोटे खेळणारी पोर आज बाई! मधे 'टीनएज' वगैरे भानगडच नाही.

ही मधली जागा तयार कशी झाली? मला रखमाबाईंच्या घरातली गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांचं ११व्या वर्षी दादाजी भिकाजींशी लग्न झालं. काही महिन्यांत न्हाण आलं, गर्भाधानाची वेळ आली. सावत्र वडील सखाराम अर्जुन डॉक्टर होते. त्यांनी चक्क नाही म्हटलं. पाळी आली म्हणजे शरीर तयार झालं असं नव्हे, हे त्यांना कळत होतं. मुलगी माहेरीच राहिली, वाचू लागली... आणि पुढे सासरी जायलाच नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने कोर्टात खेचलं. १८८७ चा निकाल: नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंग. त्या म्हणाल्या, तुरुंग चालेल. १८८८ मध्ये २००० रुपये देऊन प्रकरण मिटलं.

१८९० मध्ये कलकत्त्यात फुलमणी ही १०-११ वर्षांची मुलगी नवऱ्याच्या संभोगाने मेली. १८९१ च्या संमतिवय कायद्याने मर्यादा १० वरून १२ वर नेली. पुण्यात रणधुमाळी! परक्या सरकारने धर्मात पडू नये, असं टिळकांचं म्हणणं. गर्भाधान लांबवायला शास्त्राची हरकत नाही, असं भांडारकरांचं. (मुलींचं लग्न १६च्या आत नको, असं टिळकांनीच १८९० मध्ये सुचवलं होतं, पण कायद्याने नाही. हे मला अजून नीट पचलेलं नाही.)

आमच्या भाषेत सांगायचं तर भांडण ट्रिगर कोणता यावर होतं: शरीरातली घटना की कॅलेंडरवरची तारीख? १२ हा आकडा आज भयानक वाटतो. पण न्हाण आलं तरी थांब, असं सांगणारी तारीख पहिल्यांदाच कायद्यात आली होती.

रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या, सुरतेत आणि राजकोटला त्यांनी अनेक वर्षं काम केलं.

असो. मित्राची मुलगी आठवीत आहे. फंक्शनमुळे तिची गणिताची चाचणी बुडली म्हणून ती बापावर जाम चिडलीये म्हणे.